बोलेल की हळूहळू!

"याचा बापही उशिराच बोलला होता." मूल बोलत नाही म्हणून दवाखान्यात आणले की बरोबर आलेली आजी हे हमखास सांगते. तोवर तिने वेखंड मधात उगाळून जिभेला लावून पाहिलेले असते. वेखंडाने वाचा फुटत नाही, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध देऊच नये. जिभेखालची शीर कापून घेण्याची घाईही नको. जीभ जखडलेली असल्यास एखादा उच्चार क्वचित अडतो, पण मूल मुळीच न बोलण्याचे ते कारण नव्हे.

बोलणे कानातून येते. म्हणून पहिली तपासणी कानाची. टाळी वाजवल्यावर मूल वळून पाहते, एवढ्यावर समाधान मानू नये. अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलाला टाळी ऐकू येते, पण 'स', 'श', 'फ' हे बारीक आवाज निसटतात आणि शब्द तुटके पोचतात. वारंवार कान वाहणाऱ्या मुलांचेही असे होऊ शकते.

वर्ष-सव्वा वर्षाला एखादा शब्द, दोन वर्षांना 'आई पाणी' अशी दोन शब्दांची जोडी, आणि तीन वर्षांनंतर परक्या माणसालाही बरेचसे कळेल असे बोलणे, हा ढोबळ हिशेब. यात मूल फार मागे असेल, किंवा हाक मारली तरी पाहत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर थांबू नये.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरच्या तांड्या-पाड्यांवर बंजारा किंवा गोंडी. असे मूल पहिलीत गप्प बसते आणि गुरुजी त्याला 'मंद' ठरवून मागच्या रांगेत बसवतात. आईला एवढेच विचारावे : घरी, घरच्या भाषेत तो बोलतो का? घडाघडा बोलत असेल तर तो आजार नाही, त्याला मराठी शिकायला वेळ हवा आहे. घरीही गप्पच असेल तर मात्र तपासणी हवी. दोन भाषांमुळे वाचा अडते, घरची भाषा बंद करा, हा सल्ला चुकीचा आहे. कधी कधी तो आम्हा डॉक्टरांकडूनच मिळतो!

वाचादोष हे 2016 च्या दिव्यांग कायद्यात स्वतंत्र अपंगत्व मानलेले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा येऊन मुले तपासते. उशिरा बोलणे आणि कमी ऐकू येणे हे दोन्ही त्यांच्या यादीत आहे. संशय आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तालुक्याला स्पीच थेरपिस्ट मिळणे आजही कठीण, आणि आठवड्याला अर्ध्या तासाच्या उपचाराने फारसे साधत नाही. थेरपिस्टने दिलेला सराव आईने रोज दहा-पंधरा मिनिटे घरी आणि गुरुजींनी वर्गात करून घेतला तरच फरक दिसतो. गुरुजींनी आणखी इतके करावे : मुलाला पुढे बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे आणि उत्तरासाठी थांबावे. तोतरे बोलणाऱ्याचे वाक्य आपण पुरे करू नये. 'नीट बोल' असे दरडावू तर मुळीच नये. इतर मुले हसतात, ते थांबवणे गुरुजींच्याच हातात असते.

कंधार-मुखेडकडील बरीच कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पथक शाळेत येते त्या दिवशी मूल फडावर असते आणि तपासणी त्या वर्षापुरती हुकते. अशा पालकांनी परतल्यावर पुढच्या फेरीची वाट न पाहता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात या पथकाची चौकशी करावी. मुख्याध्यापकांनी मुलाच्या अडचणीबद्दल दोन ओळींची चिठ्ठी दिली तर काम लवकर होते.