लेकीच्या पुस्तकातली हळद

मैत्रिणींनो, हळदीचा डाग पडलेलं पातळ साबणाने घासलं की डाग लाल होतो, हे आपण शंभरदा पाहिलंय. हायस्कुलात जाणाऱ्या तुमच्या लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हेच असतं. लिंबू, चिंच, ताक ही आम्लधर्मी. साबण, चुन्याची निवळी ही आम्लारिधर्मी. हळद आम्लात पिवळीच राहते, आम्लारीत लाल होते, म्हणून तिला दर्शक म्हणतात. लाल झालेल्या डागावर लिंबू पिळा, परत पिवळा! बघाच करून.

"पोरीला रसायनशास्त्र कशाला, शेवटी भाकरीच थापायची ना," असं अजून बैठकीत ऐकू येतं. मला तर रागच येतो. आता हे बघा. संडास घासायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. पाण्यात टाकतो ती टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. जास्त स्वच्छ निघेल म्हणून काही जणी दोन्ही एकत्र ओततात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, श्वास कोंडतो. संडासाची खोली ती केवढीशी, तिथे जिवावर बेतू शकतं. तसं झालंच तर बादली-ब्रश सोडा, आधी मोकळ्या हवेत या. दम लागत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

म्हणून एका वेळी एकच वापरा. आणि ॲसिड पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड हळूहळू ओतायचं की ॲसिडमध्ये पाणी? लेकीला विचारा. पाण्यात ॲसिड, असंच ती सांगेल. उलटं केलं तर ते उसळून अंगावर उडतं.