सूर परीक्षकांचा, कौल प्रेक्षकांचा

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेची महाअंतिम फेरी पार पडली, की दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात, कार्यालयात आणि घरोघरी एकच वाद रंगतो. 'खरे तर दुसराच जिंकायला हवा होता!' हा वाद वर्षानुवर्षे मिटत नाही. याचे कारण असे, की या स्पर्धांमध्ये एकाच वेळी दोन मोजपट्ट्या वापरल्या जातात. परीक्षक त्या दिवशीचे गाणे तोलतात, तर प्रेक्षक आपल्या आवडीचा गायक निवडतात. या दोन मोजपट्ट्यांचे काम कसे चालते, हे समजून घेतले तर निकालाचा अर्थ नीट लागतो. आपल्या मुलाला अशा मंचावर पाठवू पाहणाऱ्या पालकांनी तर ते समजून घेणे अत्यावश्यक आहे.

'झी टीव्ही'वर १९९५ मध्ये 'सा रे ग म' सुरू झाले, तेव्हा संगीतक्षेत्रातील ज्येष्ठांनी दिलेले गुण हाच निकाल असे. २००४ मध्ये 'सोनी'वर 'इंडियन आयडॉल' आले. ब्रिटनमधील 'पॉप आयडॉल'च्या धर्तीवरील या कार्यक्रमाने निकालाची किल्ली प्रेक्षकांच्या मोबाइलमध्ये नेऊन ठेवली. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजित सावंत या स्पर्धेत पहिला आला आणि 'एसएमएस करा' हे शब्द घराघरांत रुळले. आता संदेशाची जागा बहुतांशी ॲपने घेतली असली, तरी तत्त्व तेच आहे.

परीक्षक काय ऐकतात?

पहिली कसोटी अर्थातच सुराची. वेगवान ताना घेताना सूर निसटला, तर तो सहजी लक्षात येत नाही. मात्र संथ ओळीच्या अखेरीस लांबवलेल्या स्वरावर कच्चेपणा उघडा पडतो. म्हणूनच जाणकार परीक्षक अवघड हरकतीपेक्षा साध्या ठहरावाकडे अधिक लक्ष देतात. त्यापाठोपाठ येते पट्टी. मूळ गायकाच्याच पट्टीत गाण्याच्या हट्टापायी अनेक स्पर्धकांचा मुखडा खर्जात दबतो, किंवा अंतऱ्यातील वरच्या स्वरांवर आवाज फाटतो. येथे दोष गळ्याचा नसतो, निवडीचा असतो, आणि तो योग्य मार्गदर्शनाने दूर होऊ शकतो.

लयीच्या बाबतीत समेवर येणे ही किमान अपेक्षा होय. दोन ओळींमधील वाद्यमेळ संपल्यावर गायक नेमका उचल घेतो काय, लय वाढली तरी शब्द आपल्या जागी पडतात काय, हे परीक्षक पाहतात. श्वास कोठे घेतला, यालाही महत्त्व आहे. शब्दाच्या मध्ये श्वास तुटला, की अर्थही तुटतो. मराठी गाण्यांत उच्चाराची कसोटी विशेष कठीण. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतील 'च' वेगळे आहेत. जगातला 'ज' आणि जगण्यातला 'ज' एक नव्हे. 'ळ' आणि 'ण' यांची स्पष्टता हीदेखील तालमीचीच बाब आहे.

शेवटची कसोटी भावाची. मूळ गाण्याची हुबेहूब नक्कल टाळ्या मिळवून देते. तथापि, चाल न मोडता त्या गाण्यात स्वतःचे काय घातले, या प्रश्नाचे उत्तर नकलेत मिळत नाही. पहिल्या चार कसोट्यांवर दोन परीक्षकांचे सहसा एकमत होते. मतभेद होतात ते येथे. त्यातच एकाने नाट्यगीत, दुसऱ्याने लावणी आणि तिसऱ्याने चित्रपटगीत गायिले असेल, तर त्यांना एकाच तराजूत तोलणे हे मुळातच अडचणीचे काम असते.

गुणांचे गणित

स्पर्धा जसजशी पुढे सरकते, तसतसे परीक्षकांचे गुण एकमेकांजवळ येतात. समजा, गुण आणि मते यांना प्रत्येकी ५० टक्के महत्त्व आहे. परीक्षकांनी एका स्पर्धकाला दहापैकी साडेनऊ आणि दुसऱ्याला साडेआठ दिले, तर ५० च्या हिशेबात ते ४७.५ आणि ४२.५ होतात. अंतर अवघे पाच गुणांचे. उलट मतांमध्ये एकाला ५० पैकी ५० आणि दुसऱ्याला २० मिळणे सहज शक्य असते. म्हणजे कागदावर निम्मा वाटा असूनही निकाल मतांनीच लागतो. उदार गुणदानाचा हा परिणाम प्रेक्षकांच्या फारसा लक्षात येत नाही.

मतदानाचे स्वरूपही निवडणुकीपेक्षा निराळे. एकच प्रेक्षक अनेक मते देऊ शकत असेल, तर चाहते किती आहेत याइतकेच ते किती पेटलेले आहेत, यालाही महत्त्व येते. २००७ च्या 'इंडियन आयडॉल'ची अंतिम लढत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल यांच्यात झाली. कोलकाता पोलीस दलातील शिपाई असलेल्या तमांगसाठी दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात मतांची मोठी मोहीम उभी राहिली आणि तो विजयी झाला. या मोहिमेत आघाडीवर असलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच वर्षी गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. ती मते गाण्याला होती, तितकीच आपल्या माणसाला आणि आपल्या ओळखीलाही होती. त्यात गैर काही नाही. फक्त त्याला गायकीचे प्रमाणपत्र समजू नये.

मुलांच्या बाबतीत

हा फरक मोठ्यांना कळतो. बारा वर्षांच्या मुलाला तो कोणी समजावून सांगावा लागतो. शिवाय मुलग्यांचा आवाज वयात येताना फुटतो आणि त्यांची पट्टी खाली येते. ज्या आवाजाला आज भरघोस गुण मिळाले, तो दोन-तीन वर्षांनी उरतोच असे नाही. त्यानंतर नव्या आवाजावर नव्याने रियाझ करावा लागतो.

बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना तीन तासांहून अधिक काम करवून घेता येत नाही. त्याच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. मात्र लाखो लोकांसमोर बाद होणे मुलाने कसे पचवावे, हे कोणताही नियम सांगू शकत नाही. ती जबाबदारी घराची आहे.

या बाबतीत पूर्वानुभव आश्वासक आहे. २००५ मधील 'फेम गुरुकुल'मध्ये अरिजित सिंग अंतिम फेरीपर्यंतही पोहोचला नव्हता. पुढे काय झाले, ते सर्वश्रुत आहे. 'झी मराठी'च्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'मध्ये फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. परंतु आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत या चौघांनाही मराठी रसिकांनी तितक्याच आपुलकीने लक्षात ठेवले. २०२१ च्या पर्वात हे पाचही जण परीक्षकांच्या भूमिकेत मुलांसमोर बसले.

म्हणूनच स्पर्धकाने आणि पालकांनी घरी नेण्याजोगी गोष्ट म्हणजे परीक्षकाने सांगितलेले ते एखादे वाक्य: पट्टी अर्ध्या स्वराने उतरव, अंतऱ्यात श्वास आधी घे, 'च' नीट म्हण. मतांचा आकडा पुढच्या पर्वापर्यंत विस्मरणात जातो. ही सूचना मात्र दुसऱ्या दिवशीच्या रियाझात उपयोगी पडते.