चार अक्षरांचे कुलूप
सोनीचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर 1994 मध्ये जपानमध्ये विक्रीस आले, तेव्हा त्याचे खेळ सीडीवरच मिळत. मात्र अस्सल तबकडीच्या आतल्या कडेला, जिथून वाचनाला सुरुवात होते त्या भागात, सर्पिल रेघ अगदी किंचित नागमोडी काढलेली असे आणि त्या नागमोडीत चार अक्षरांची खूण दडवलेली असे. जपानसाठी ‘एससीईआय’, अमेरिकेसाठी ‘एससीईए’ आणि युरोपसाठी ‘एससीईई’. कोऱ्या तबकडीची रेघ कारखान्यातच आखली जाते आणि घरगुती सीडी रायटर तिच्यावर केवळ माहिती लिहितो, त्यामुळे ही खूण नकलेत कधीच उतरत नाही आणि यंत्र ती नक्कल नाकारते.

मॉडचिप म्हणजे यंत्राच्या मुख्य बोर्डावर मोजक्या तारांनी सोल्डर केलेला लहानसा मायक्रोकंट्रोलर, अर्थात एकाच चिपेत सामावलेला छोटा संगणक. तो सेकंदाला सुमारे 250 बिट इतक्या संथ गतीने तीच अक्षरे सीडी ड्राइव्हच्या नियंत्रकाला ऐकवतो आणि यंत्र फसते. सुरुवातीच्या चिपा ही अक्षरे अखंड पाठवत राहत, आणि हाच त्यांचा मोठा दोष ठरला; कारण ‘स्पायरो: इयर ऑफ द ड्रॅगन’ (2000) सारखे खेळ तबकडीच्या ज्या भागात खूण असूच शकत नाही तिथे ती येते का हे तपासत आणि आली तर खेळ अडवत. यावर उपाय म्हणून ‘स्टेल्थ’ चिपा आल्या, ज्या यंत्र सुरू होताच काम उरकून गप्प बसतात. दोन्ही प्रकारांत किंमत किंवा तारांची संख्या यांपेक्षा हा मौनाचा गुण निःसंशय अधिक मोलाचा आहे.

नोव्हेंबर 2001 मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची चिप वेगळ्या जातीची होती. ती खूण पुरवत नाही, तर यंत्राचा प्रारंभीचा प्रोग्रामच बदलून टाकते, म्हणून तिच्या आधारे त्या यंत्रावर लिनक्सही चालवता आले. आज ‘कोडी’ या नावाने घरोघरी चित्रपट दाखवणारा प्रोग्रामही मुळात अशा बदललेल्या एक्सबॉक्ससाठीच लिहिला गेला होता.

प्लेस्टेशनच्या चिपेकडून मात्र असे काही नवे घडण्याची शक्यता कमी होती. तिचा वाद आहे तो तिने काय उघडले याचा. जपानहून रीतसर विकत आणलेला खेळ आणि चोरून उतरवलेली नक्कल या दोघांनाही तीच चार अक्षरे अडवत, त्यामुळे एकाला वाट देणारी चिप दुसऱ्यालाही वाट देणारच. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये असा निर्णय दिला की, हे कुलूप नक्कल होण्यापासून रोखत नाही, झालेली नक्कल फक्त निरुपयोगी ठरवते, म्हणून तत्कालीन कायद्याच्या अर्थाने ते ‘संरक्षक उपाय’ ठरत नाही. पुढे 2006 च्या दुरुस्तीने त्या देशाने संरक्षक उपायांची व्याख्या रुंदावली, पण खेळांची बाजारपेठ प्रदेशांत वाटणारे अडथळे तिच्यातून वगळले.