अभिकल्प विद्यालय : वास्तुरचना

नित्य वापराच्या वस्तू, यंत्रे, वस्त्रे, मुद्रित साहित्य इत्यादींचे रूप व उपयुक्तता यांची आखणी शिकविणाऱ्या विद्यालयाच्या इमारतीची रचना. सामान्य महाविद्यालयात व्याख्यानकक्षाला जे स्थान असते, ते येथे रेखनकक्ष व कर्मशाळा यांना असते. कागदावरील कल्पना लाकूड, धातू, माती वा कापड यांत उतरविल्याखेरीज तिचे गुणदोष कळत नाहीत. म्हणून हे दोन कक्ष परस्परांलगत ठेवतात. दोहोंनाही भरपूर, परंतु डोळ्यांना न दिपविणारा प्रकाश लागतो. प्रकाश आत घेणे व उष्णता बाहेर ठेवणे, हा या वास्तुप्रकाराचा मूळ प्रश्न होय.

या प्रकाराचा आधुनिक आदर्श म्हणजे जर्मनीतील डेसौ येथील बाउहाउस विद्यालयाची इमारत (१९२५–२६). वॉल्टर ग्रोपिअस या वास्तुशिल्पज्ञाने कर्मशाळा, तंत्रविद्यालय व विद्यार्थिनिवास यांसाठी स्वतंत्र बाजू योजून त्या एकमेकींना जोडल्या. कर्मशाळेचा भार आतील सलोह काँक्रीटच्या खांबांवर असल्याने बाहेरून अखंड काचभिंत उभारता आली. ही काचभिंत पुढे जगभर अनुकरणीय ठरली. मात्र तिच्यामुळे कर्मशाळा उन्हाळ्यात तापे व हिवाळ्यात गारठे. जर्मनीतीलच उल्म येथील अभिकल्प विद्यालयाची इमारत (१९५५) माक्स बिल याने अधिक साध्या काँक्रीटरचनेत उभारली. उल्म येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांचा पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या (स्था. १९६९) जडणघडणीत मोठा वाटा होता.

भारतीय हवामानाला अनुरूप असे उत्तर अहमदाबादच्या वास्तुकला विद्यालयाच्या इमारतीत (१९६६–६८) आढळते. बाळकृष्ण दोशी यांनी तेथे विटांच्या समांतर भारवाही भिंती, उघडे काँक्रीट, उत्तरेकडून प्रकाश घेणारी छतातील गवाक्षे आणि इमारतीखालची सावलीची मोकळी जागा यांची योजना केली. विटा व काँक्रीट गिलाव्याने झाकलेले नसल्यामुळे बांधकामाची पद्धती विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाहता येते.

पुणे जिल्ह्यात पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील आकुर्डी येथे वास्तुकला महाविद्यालय व डी. वाय. पाटील आंतरराष्ट्रीय विद्यापीठ असून विद्यापीठात अभिकल्पाचेही शिक्षण दिले जाते. अशा ठिकाणी इमारतीची आखणी करताना सूर्यगती प्रथम विचारात घ्यावी लागते. आकुर्डी सु. १८° ४०' उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे विषुवदिनी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सु. ७१° उंच असतो, तर डिसेंबरच्या अयनदिनी तो सु. ४८° उंचीवरच राहतो. दक्षिणेच्या खिडकीवरील ६० सेंमी. रुंदीचा छज्जा विषुवदिनी मध्यान्ही आपल्याखालील सु. १·७५ मी. उंचीचा भाग सावलीत ठेवतो. डिसेंबरात हा भाग सु. ६५ सेंमी. इतकाच उरतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य खस्वस्तिकाच्या उत्तरेस असतो. म्हणून उत्तरेच्या काचेलाही अरुंद छज्जा लागतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे व खालून येत असल्याने छज्जा तेथे निरुपयोगी ठरतो. त्या बाजूस जिने, कोठारे वा जाड भिंती योजणे, अथवा उभ्या पट्ट्या व जाळी बसविणे इष्ट असते. मोसमी पावसाची झडही मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून येत असल्याने ही योजना दोन्ही ऋतूंत उपयोगी पडते.

कारखान्यांत रूढ असलेले करवतीच्या दात्यांसारखे छप्पर या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याच्या उभ्या बाजूंतील काचा उत्तराभिमुख ठेवल्यास खोल दालनाच्या मध्यापर्यंत समप्रकाश पोहोचतो. तसेच वरच्या झडपांतून तापलेली हवा बाहेर पडते. चारही दिशांना सारखीच काच लावलेली इमारत आधुनिक दिसली, तरी पडदे ओढून व दिवे लावून काम करण्याची पाळी तेथे येते. वस्तूचे रूप तिच्या उपयोगाशी सुसंगत असावे, हे अभिकल्पाचे आद्य सूत्र आहे. ज्या इमारतीत ते शिकविले जाते, तिलाही तेच लागू पडते.