मोकळ्या कुत्र्यास हाकेस आणणे

गोदावरीच्या कालव्यांखालील आमच्या कोपरगाव तालुक्यात राखणीस कुत्रा बाळगणारे शेतकरी पुष्कळ. परंतु साखळी सोडल्यावर हाकेसरशी परतणारा कुत्रा विरळा. उसात बिबट्याचे भय व नगर-मनमाड रस्त्यावर मोटारींची वर्दळ. अशा ठिकाणी न परतणारे जनावर हकनाक प्राणास मुकते.

हाक म्हणजे धन्याने कुत्र्यास दिलेले वचन होय, असे आम्ही समजतो. उशिरा आलेल्या कुत्र्यास जो काठी मारतो, तो त्यास न येण्याचेच शिक्षण देतो. कारण मार येण्याबद्दल मिळाला, असेच ते मुके जनावर समजते. यास्तव हाकेचा शब्द एकच ठेवावा. सराव प्रथम अंगणात, मग वीस-तीस हात लांब दोरीवर, व शेवटी मोकळ्या रानात करावा. कुत्रा येताच भाकरीचा तुकडा द्यावा, पाठ थोपटावी व बहुधा पुन्हा सोडून द्यावे. नाहीतर हाक म्हणजे साखळी, अशी त्याची समजूत होते. न आल्यास पाठलाग करू नये. आपणच उलट दिशेने चालू लागावे. कारवानी कुत्रा नजरेने सावज हेरून धावणारा; त्यास अधिक धीराने शिकवावे.

विश्वास बसला की दोरीचे काम हाकच करते.