शाकारलेली होडी

मे महिन्याच्या अखेरीस मालवण, देवगड किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर गेलात, तर वाळूत नवी वस्ती उठल्यासारखी वाटते. लांबट, बुटकी छपरं, कुठे नारळाच्या झापांची, कुठे निळ्या ताडपत्रीची. मधोमध बांबूचा आढा, खाली दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू. या घरांना दार नाही की ओटा नाही. आत पावसाळाभर एकटी होडी बसून असते.

याला कोकणात होडी शाकारणं म्हणतात. शब्द मुळात घराचा. मिरगाच्या आधी छपरावरचं जुनं गवत काढून नवं घालायचं, फुटकी कौलं बदलायची, ते शाकारणं. किनाऱ्यावरच्या माणसानं तोच शब्द होडीला लावला, कारण काळजी तीच आणि मुहूर्तही तोच. एकाच आठवड्यात घरावर चढायचं आणि होडीवरही.

आता या मुहूर्ताला कायद्याची तारीख मिळाली आहे. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस राज्याच्या सागरी हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीला उसंत मिळावी आणि खवळलेल्या दर्यात माणसं दगावू नयेत, ही त्यामागची दोन कारणं. बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नाही. पण नैर्ऋत्येचा वारा भरला की त्याही वर येतातच.

होडी वर घ्यायची ती भरतीच्या पाण्यावर. पाणी जितकं वर आणून सोडेल तितकी ओढ कमी. मग तळाखाली ओंडके टाकायचे, दोर बांधायचा आणि वाडीतल्या सगळ्यांनी मिळून ओढायचं. मागचा ओंडका मोकळा झाला की धावत नेऊन पुढे टाकायचा. हल्ली मोठ्या नौकांना क्रेन किंवा जेसीबी लागतो. होडी किती वर न्यायची, हे जून-जुलैतलं अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ठरवतं. त्या पाण्याची रेघ जिथवर पोचते, त्याच्याही वर नेऊन ठेवली तरच निर्धास्त झोप. ज्या नौका एवढ्या वर येऊ शकत नाहीत, त्या खाडीचा आसरा घेतात. उघड्या समुद्रावरच्या हर्णैला शेजारची आंजर्ल्याची खाडी अशी वेळोवेळी कामाला येते.

वर आल्यावर होडी आधी रिकामी होते. जाळी गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, उंदरांपासून लांब टांगली जातात. त्यांची डागडुजी हे पावसाळ्यातलं घरकाम. इंजिनात खारं पाणी राहिलं तर दोन महिन्यांत गंज धरतो, म्हणून ते गोड्या पाण्यानं धुऊन काढतात, तेल बदलतात, बॅटरी घरी नेतात. तळाला चिकटलेले शिंपले, शेवाळ खरवडून काढतात. मग होडी नाळेकडे किंचित उंच करून टेकूंवर बसवायची, म्हणजे चुकून आत शिरलेलं पाणी मागच्या बाजूला उतरतं. शेवटी छप्पर. दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवायची आणि छप्पर दोरानं घट्ट आवळायचं. वाट ठेवली नाही तर आत कोंदट दमट होतं, आवळलं नाही तर पहिल्याच वावटळीत छप्पर शेजाऱ्याच्या परसात.

वर्षाचे दहा महिने पाण्यात राहणाऱ्या वस्तूला पावसापासून एवढं जपायचं कशाला? मालवणकडचा एखादा म्हातारा तांडेल एका वाक्यात उत्तर देईल: "दर्याचा पाणी होडयेक मारणा नाय, पावसाचा मारता." लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, गोडं पाणी फळ्यांच्या सांध्यांत साचून राहिलं की ती फोफावते. उलट समुद्रातला शत्रू वेगळा. टेरेडो नावाचा जीव दिसतो किड्यासारखा, पण आहे शिंपल्याच्या कुळातला. पिलू असताना बारीक भोकातून तो फळीत शिरतो आणि आतल्या आत बोगदे पाडत वाढतो. वरून फळी धडधाकट दिसते. खारं पाणी तुटलं आणि लाकूड सुकलं की तो मरतो. म्हणून शाकारणं म्हणजे होडीची विश्रांती आणि औषधपाणी दोन्ही. समुद्रातल्या किड्याला सुकवून मारायचं आणि आभाळातल्या पाण्याला आत येऊ द्यायचं नाही.

मराठ्यांच्या आरमारालाही पावसाळा चुकला नव्हता. दर्या बंद झाला की जहाजांची छावणी पडायची, जशी घोडदळाची पडे. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावाशी, वाघोटण खाडीच्या आडोशाला, त्या काळातली गोदी आजही पाहता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सागवान परवानगीनं तोडावा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे; ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात, म्हणून. लाकूड इतकं मोलाचं, तर त्यातून घडलेलं तारू उघड्यावर भिजत कोण ठेवील?

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टींनी हे गणित हलवलं. एक, फायबरच्या होड्या. त्यांना टेरेडो लागत नाही, फटी बुजवाव्या लागत नाहीत. एक ताडपत्री ओढली की झालं. दुसरी, वादळं. 2021 साली तौक्ते मे महिन्याच्या मध्यालाच, होड्या पाण्यात असताना, कोकणाला घासून गेलं. त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा बंदी सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. पंचांग पाहून होडी वर घेणारा माणूस आता हवामान खात्याचा इशाराही पाहतो.

जुलै सरत आला की छपरं उतरतात. सुतार फटींतला जुना कापूस उकरून नवा ठोकतो, राळ-तेलाचा लेप बसतो, वर रंग चढतो. कायदा 1 ऑगस्टला मोकळीक देतो, पण पुष्कळ कोळी नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नाहीत.

लाकडी होडी लोटली तरी लगेच जाळं टाकायला जात नाही. दोन महिने सुकून तिच्या फळ्या आखडलेल्या असतात. सुतारानं कितीही कापूस ठोकला तरी पहिल्या दिवशी ती कुठून तरी झिरपते. नवखा माणूस घाबरतो. तांडेल मात्र डबा घेऊन शांतपणे पाणी उपसत बसतो. हळूहळू लाकूड खारं पाणी पितं, फुगतं, फळीला फळी भिडते आणि झिरपणं थांबतं. सुताराकडून राहिलेली फट दर्या स्वतः बुजवतो.