घरच्या शाळेची परदेशवारी

श्रोतेहो, प्रवासाने माणूस शहाणा होतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. पण नुसत्या प्रवासानेच शहाणपण येत असते, तर आगगाडीतून गावोगाव फिरणारी ट्रंकसुद्धा पंडित झाली असती! मग प्रवासातून मूल शिकते ते केव्हा, आणि नुसते दमून परत येते ते केव्हा? या प्रश्नाचा विचार फार बारकाईने करावा लागला आहे तो काही विशिष्ट आईबापांना. हे लोक आपली मुले शाळेत घालत नाहीत, घरीच शिकवतात, आणि चारसहा कुटुंबे मिळून मुलांसह परदेश पाहायला निघतात. आज त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

शाळेत न घालता घरी शिकवायचे, याला इंग्रजीत होमस्कूलिंग म्हणतात. आपण गृहशिक्षण म्हणू. अमेरिकेत ही चळवळ जोमाने वाढली. जॉन होल्ट नावाचे एक शाळामास्तर होते. मुले वर्गात नापास का होतात, यावर १९६४ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले आणि ते खूप गाजले. पुढे शाळा सुधारण्याची आशा त्यांनी सोडली, आणि १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक सुरू केले. दुसरीकडे धार्मिक कारणांसाठी मुलांना घरी शिकवणारी पुष्कळ कुटुंबेही पुढे आली. अमेरिकेच्या सरकारी पाहणीनुसार १९९९ साली तिथे सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २०१६ साली तो आकडा सतरा लाखांच्या घरात गेला.

सर्व देशांत मात्र याला मुभा नाही. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे मुलाला योग्य शिक्षण मिळाले पाहिजे, मग ते शाळेत मिळो की अन्य मार्गाने. उलट जर्मनीत राहणाऱ्या मुलाला शाळेत जावेच लागते, घरी शिकवण्याची सवलत क्वचितच मिळते. आपल्याकडे २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो, परंतु गृहशिक्षणाचे नाव त्यात कुठे घेतलेले नाही. तरीही पुण्यामुंबईकडे अशी काही कुटुंबे आहेत. त्यांची मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत दहावीच्या परीक्षेला बसू शकतात.

आता तुम्ही विचाराल, घरी शिकणाऱ्या मुलांनी परदेशी जायचे ते कळपाने कशासाठी? आईबाप आणि पोरे गेली तर काय बिघडले? याचे उत्तर एका जुन्या उदाहरणात सापडते.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग गावी लिओपोल्ड मोझार्ट नावाचा दरबारी वादक राहत होता. त्याची दोन मुले, मुलगी नॅनर्ल आणि मुलगा वोल्फगांग. शाळेचे तोंड न दाखवता बापाने दोघांना घरीच लिहायला, वाचायला, हिशेब करायला आणि वाजवायला शिकवले. १७६३ च्या जूनमध्ये हे कुटुंब घोडागाडीने निघाले. तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, मुलगी बारा वर्षांची होत आली होती. म्युनिक, पॅरिस, लंडन, हेग अशी शहरे करत ते १७६६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षांनी घरी परतले. लंडनमध्ये बाप आजारी पडला. घरात वाद्य वाजवायची बंदी झाली. तेव्हा आठ वर्षांच्या वोल्फगांगने वाद्यवृंदासाठी आपली पहिली मोठी रचना कागदावर उतरवायला घेतली. त्या वेळी आपण शेजारी बसून नकलून घेत होतो, अशी आठवण बहिणीने पुढे सांगितली आहे. हाच मुलगा पुढे जगातल्या श्रेष्ठ संगीतकारांत गणला गेला.

इतके ऐकून कोणीही म्हणेल, वा, काय ही घरची शाळा! पण मंडळी, नाण्याची दुसरी बाजूही पाहू या. १७६५ साली हेगला दोन्ही मुलांना एकापाठोपाठ एक विषमज्वर झाला, आणि नॅनर्ल तर मरणाच्या दारातून परत आली. पुढे १७६९ च्या डिसेंबरात बाप इटलीला निघाला तो फक्त मुलाला घेऊन. अठरा वर्षांची मुलगी आईजवळ घरी राहिली. वादनात ती भावाच्या बरोबरीने नावाजलेली होती, पण मोठे होताच तिचा प्रवास संपला आणि त्याचा चालू राहिला. तिसरी गोष्ट अशी की, त्या साऱ्या प्रवासात मुलांभोवती राजे, सरदार आणि उस्ताद होते; बरोबरीचा खेळगडी मिळाला तर एखाददुसरा, तोही चार दिवसांपुरता.

ही तिसरी गोष्ट गृहशिक्षणाचे वर्मच आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला पुस्तक मिळते, वेळ मिळतो, आईबापांचे लक्ष मिळते. मिळत नाही ते सोबत्यांचे भांडण आणि सोबत्यांची मैत्री. परदेशात तर भाषाही परकी. तिथे एकटे कुटुंब म्हणजे चार भिंतींचे घर उचलून चाकांवर ठेवल्यासारखे होते. म्हणून चारसहा कुटुंबे एकत्र येतात. त्यात आठ वर्षांचे पोर असते, तसे पंधराचेही असते. मोठा धाकट्याला नकाशा वाचून दाखवतो, धाकटा मोठ्याला असे प्रश्न विचारतो की त्याला पुन्हा पुस्तक उघडावे लागते. शिवाय एका आईला ताप आला तर तिच्या मुलांना जेवू घालायला दुसरी असते.

आपल्याला हे नवे नाही. पंढरीच्या वाटेवरची दिंडी आठवा. तिला क्रमांक असतो, चालण्याची जागा ठरलेली असते. खर्चाची भिशी आधी भरलेली असते. वीणा कोणाकडे, पाणी कोणाकडे, स्वयंपाक कोणाकडे, हे ठरल्याशिवाय दिंडी हलत नाही. कुटुंबांच्या परदेशवारीचेही तसेच आहे. ती मोडते ती बहुधा मोठ्या संकटाने नव्हे, तर बारीकसारीक गोष्टींनी. एका घरची मुले नऊला झोपतात, दुसऱ्या घरची अकरापर्यंत जागतात. एक बाप मुलांच्या हाती मोबाइल देतो, दुसरा देत नाही. दुसऱ्याच्या पोराला रागावायचे की नाही, हे कोणी आधी बोललेले नसते. एकाला हॉटेलात जेवायचे असते, दुसऱ्याला खिचडी शिजवून पैसे वाचवायचे असतात. म्हणून जाणती मंडळी तिकिटे काढण्याआधी एकत्र बसून हे सारे बोलून घेतात, आणि सामाईक खर्चाची पेटी वेगळी ठेवतात.

कागदपत्रांचेही तसेच. तान्ह्या मुलालासुद्धा स्वतःचा पासपोर्ट लागतो. आपल्या देशात अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षे किंवा वयाची अठरा पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. मूल आई किंवा बाप एकाच्याच बरोबर, अथवा आजीआजोबांबरोबर जात असेल, तर मागे राहिलेल्यांचे संमतिपत्र जवळ ठेवावे; सीमेवरचा अधिकारी ते मागू शकतो. युरोपातल्या शेंगेन करारातील देशांत पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. तेव्हा वर्षभर तिथे राहून शिकू, असा बेत पाहुण्याच्या व्हिसावर जमत नाही.

वेळेची सोय मात्र या कुटुंबांना मोठी. शाळेच्या सुट्टीत सारे जग बाहेर पडते, भाडी चढतात, प्रेक्षणीय स्थळी पाय ठेवायला जागा उरत नाही. घरी शिकणारे मूल ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत निघू शकते.

आता प्रत्यक्ष शिकणे कसे होते ते एका ठिकाणावरून पाहू. इटलीत नेपल्सजवळ पाँपेई नावाचे गाव आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि राखेखाली ते अख्खे गाव गाडले गेले. १७४८ साली तिथे खोदकाम सुरू झाले. १७७० साली लिओपोल्ड आपल्या मुलाला घेऊन ते पाहायला गेला होता. सुमारे १६० एकरांचे ते गाव, त्यातला दोनतृतीयांश भाग आजवर मोकळा झाला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कोणत्याही देशाची असोत, तिथे प्रवेशशुल्क नाही.

तिथे नुसते फिरवले तर एका तासात पोरे कंटाळतात. ऊन, धूळ, पडक्या भिंती, आणखी काय! पण तयारी करून गेले तर तेच गाव बोलू लागते. ज्वालामुखी फुटला तेव्हा समुद्राच्या पलीकडच्या काठावर धाकटा प्लिनी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मामाच्या घरी होता. हे आक्रीत पाहायला मामा निघाला आणि भाच्याला म्हणाला, चल. भाच्याने सांगितले, मी अभ्यास करत बसतो. मामा त्या संकटात मेला, भाचा वाचला, आणि पुढे त्याने ती हकीकत दोन पत्रांतून लिहून ठेवली. निघण्यापूर्वी घरी ही पत्रे मुलांना वाचून दाखवली, की पाँपेईची राख नुसती राख राहत नाही.

मग तिथे गेल्यावर कामे वाटून द्यायची. दोघांनी रस्त्यावर टेप धरायची. त्या दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या अजून स्पष्ट दिसतात. दोन चाकोऱ्यांतले अंतर मोजले, की गाडी केवढी असेल ते कळते. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवलेले आहेत. त्यांच्या फटीतून चाक कसे जाई, ते मुलांनीच शोधायचे. दुसऱ्या दोघांनी भट्ट्या मोजायच्या. या गावात पावाच्या तीसहून अधिक भट्ट्या सापडल्या आहेत, आणि कित्येकींत लाव्हाच्या दगडाची पुरुषभर उंचीची जाती उभी आहेत. ती गाढवे किंवा गुलाम फिरवत. १८६२ साली एका भट्टीत ८१ पाव सापडले, जळून कोळसा झालेले, पण गोल आकार आणि वरचे काप जसेच्या तसे! संध्याकाळी मुक्कामी आल्यावर मुले आकडे मांडतात, चित्रे काढतात, आणि वाद घालतात. एवढ्या भट्ट्या कशासाठी? घरोघरी भाकरी भाजत नसत काय? गुलाम कोण होते? असे वाद एकट्या मुलाला घालता येत नाहीत. त्यासाठी सोबती लागतात.

तिथे मेलेल्या माणसांच्या प्लॅस्टरच्या आकृतीही आहेत. राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून त्या घेण्याची पद्धत १८६३ साली सुरू झाली. त्यांत लहान मुलेही आहेत. ती कोणत्या वयाच्या मुलाला दाखवायची, हे प्रत्येक घराने आधी ठरवावे लागते. गटातले सगळे पाहतात म्हणून भेदरलेल्या पोराला पुढे ढकलू नये. गटाचा फायदा असतो, तसा गटाचा रेटाही असतो.

अनुभवी पालकांनी यातून काही साधे नियम काढले आहेत. दहा दिवसांत पाच देश करायचे नाहीत. एका गावी आठवडाभर राहायचे. सकाळी एकच ठिकाण, दुपारी विसावा, एक दिवस मोकळा. प्रत्येक मुलाकडे एक काम, कोणी हिशेब लिहील, कोणी नकाशा सांभाळील, कोणी दुकानात जाऊन त्या देशाच्या भाषेत पाव मागेल. आणि मुलीला तेच काम, जे मुलाला. नॅनर्लची गोष्ट पुन्हा घडू नये.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे सारे पैसेवाल्यांचे खेळ. खरे आहे. विमानाचे भाडे, व्हिसा आणि आईबापांची महिनाभराची रजा ज्यांना परवडते, त्यांचीच ही वारी. शिवाय घरी शिकवायला घरात शिकलेले आणि मोकळे माणूस लागते. ज्या घरची आई पहाटे खुरपायला जाते, त्या घरच्या मुलाला गावची शाळा हाच आधार आहे, आणि ती चांगली चालली पाहिजे. गृहशिक्षण हा तिला पर्याय नव्हे.

पण त्या पालकांची रीत उचलायला पैसे लागत नाहीत. शिक्षक बंधुभगिनींनो, सहलीत पन्नास मुले गाडीत कोंबून पाच देवळे आणि एक धरण दाखवण्यापेक्षा एकच ठिकाण निवडा. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की घ्या, जवळचा किल्ला घ्या, नाहीतर गावातले जुने जाते घ्या. आधी आठ दिवस त्याविषयी बोला. मुलांच्या जोड्या लावा, त्यांत मोठा आणि धाकटा असू द्या. मोजायला टेप द्या, लिहायला वही द्या. परत आल्यावर त्यांना वाद घालू द्या आणि मध्ये बोलू नका. जे पोर सहलीहून एक नवा प्रश्न घेऊन येते, त्याचा प्रवास झाला. बाकीच्यांचे नुसते जाणेयेणे झाले, मग ते इटलीचे असो की तालुक्याच्या गावचे.